संघ कोणाचा?

२०१८ च्या एप्रिलमध्ये चेन्नईहून एक खास रेल्वेगाडी पुण्याकडे सुटली. आत पिवळे टी-शर्ट घातलेले सुमारे हजार प्रेक्षक होते. कावेरीच्या पाण्यावरून तामिळनाडूत आंदोलन पेटले होते, चेपॉकवर खेळाडूंच्या दिशेने बूट भिरकावले गेले होते आणि चेन्नई सुपर किंग्जला आपले उरलेले घरचे सामने पुण्याजवळच्या गहुंज्याला हलवावे लागले होते. चाहत्यांसाठी गाडी ठरवण्यात आली. तिचे नाव पडले ‘व्हिसल पोडू एक्स्प्रेस’. २० एप्रिलला शेन वॉटसनने शतक ठोकले, चेन्नईने राजस्थान रॉयल्सला ६४ धावांनी हरवले आणि मंडळी खुशीत परतली.

यात पुण्याचे काय होते? मैदान होते, संघ नव्हता. वर्षभरापूर्वी, २१ मे २०१७ रोजी, रायझिंग पुणे सुपरजायंट हा संघ हैदराबादेत अंतिम सामन्यात मुंबई इंडियन्सकडून अवघ्या एका धावेने हरला होता आणि तोच त्याचा शेवटचा सामना ठरला. संघ वाईट खेळला म्हणून नव्हे. त्याचा करारच दोन वर्षांचा होता. आयपीएलमधले दोन संघ निलंबित झाले, तेवढ्या काळाची जागा भरायला तो काढलेला होता. ते परतले, हा विसर्जित झाला. ते दोन संघ म्हणजे चेन्नई आणि राजस्थान. २० एप्रिलला गहुंज्यात समोरासमोर उभे राहिलेले नेमके तेच.

पुण्याला याची सवय म्हणावी लागेल. सहारा समूहाने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर मोजून घेतलेला पुणे वॉरियर्स तीन हंगाम खेळला, बहुतेक वेळ गुणतक्त्याच्या तळाशी राहिला आणि २०१३ मध्ये क्रिकेट मंडळाशी पैशांवरून झालेल्या वादात मिटला. फुटबॉलमध्ये पिरामल समूहाच्या पुणे एफसीने २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक पटकावला होता. तोही बंद पडला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम टिकला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये नव्या मालकांच्या हाती गेला आणि हैदराबाद एफसी होऊन तिकडचा झाला. सहा-सात वर्षांत एका शहराने पाच संघ गमावले. पेशव्यांची राजधानी गेल्याचे दुःख पुणेकर अजून चघळतात. या पाच संघांसाठी कुणी हळहळल्याचे फारसे ऐकिवात नाही.

ही अलिप्तता समजून घेण्याजोगी आहे. कागदावर संघ ज्याचा असतो आणि मनात ज्याचा असतो, ती माणसे क्वचितच एक असतात. व्यावसायिक संघांचा दीडशे वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी या दोन हक्कांच्या ओढाताणीचा आहे. खेळाचे तंत्र, विक्रम, नामवंतांची चरित्रे यांवर मराठीत विपुल लिहिले गेले. संघ नावाच्या संस्थेकडे मात्र, म्हणजे तिला पैसा कोण देतो, ती कुणाला नोकरी देते, कुणाला आत घेते आणि कुणाला दारात उभे करते याकडे, आपले लक्ष कमी गेले. पुढील पानांचा विषय तो आहे.

सुरुवात इंग्लंड आणि अमेरिकेतून करावी लागते. १८६९ मध्ये सिनसिनाटीचा रेड स्टॉकिंग्ज हा बेसबॉल संघ सर्व खेळाडूंना उघडपणे पगार देऊन देशभर फिरला. इंग्लंडमध्ये तेच काम चोरीछुपे चालले होते. लँकेशायरच्या गिरणीगावांना चांगला फॉरवर्ड हवा असे, तेव्हा स्कॉटलंडहून एखादा तरुण यायचा, त्याला गिरणीत नावापुरते काम मिळायचे आणि शनिवारी सामन्यानंतर पाकीट. दक्षिणेकडच्या सुखवस्तू हौशी मंडळींना हे बाटगेपण वाटे. अखेर १८८५ मध्ये फुटबॉल संघटनेने पगारी खेळाडूंना मान्यता दिली आणि तीनच वर्षांनी बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. हे बाराही क्लब लँकेशायर आणि मिडलँड्स या कारखानदारी पट्ट्यातले. लंडनचा एकही नाही. शनिवारी दुपारनंतर गिरणी बंद होऊ लागली होती, कामगाराच्या खिशात प्रवेशाचे पैसे होते आणि शेजारच्या गावाला हरवण्याची खुमखुमी तर आधीपासून होतीच.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. १८७६ च्या नॅशनल लीगमध्ये खेळाडूंची मंडळे मागे पडली आणि सूत्रे मालकांच्या हाती आली. एका शहरात एकच संघ, त्या शहराचा बाजार त्याचा एकट्याचा आणि कराराच्या ‘राखीव’ कलमामुळे खेळाडू जन्मभर जवळपास त्याच मालकाला बांधलेला. आपण आज फ्रँचायझी म्हणतो तिचे मूळ इथे आहे. याची दुसरी बाजू ब्रुकलिनने पाहिली. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि आधुनिक मेजर लीग बेसबॉलमधली वर्णाची भिंत फुटली. त्या संघावर ब्रुकलिन जीव टाकत असे. दहा वर्षांनी, १९५७ चा हंगाम संपताच, मालकाने संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला. कायद्याने त्यात काहीही गैर नव्हते.

मुंबईचा रस्ता या दोहोंपेक्षा वेगळा आणि जास्त गुंतागुंतीचा आहे.

इथे पहिली मोठी गर्दी जमवली ती धर्मावर उभ्या असलेल्या संघांनी. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान अशी चौरंगी स्पर्धा १९१२ पासून, आणि ‘द रेस्ट’ नावाचा पाचवा संघ आल्यावर १९३७ पासून पंचरंगी. हे संघ पगारी नव्हते. पण तिकिटे, वर्तमानपत्रांचा खप, गिरगावापासून मोहम्मद अली रोडपर्यंत होणारी चर्चा हे सारे व्यावसायिक खेळाचेच होते. त्या व्यवस्थेत पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज पुढे आला. पुण्यात गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याची त्याची नोकरी होती. हिंदू संघाला त्याचे बळी हवे असत. चहापानाच्या वेळी मात्र त्याचा कप वेगळा. पुढे तो मुंबईला रेल्वेच्या नोकरीत गेला आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन परतला. कर्णधारपद त्याला अखेरपर्यंत मिळाले नाही. ते मिळाले त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला, १९२३ मध्ये, बरीच बोंबाबोंब झाल्यावर. रॉबिन्सनच्या चोवीस वर्षे आधीची ही गोष्ट. विठ्ठलने ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, तरी रॉबिन्सनचे नाव ठाऊक असलेल्या कित्येक मराठी क्रीडारसिकांना विठ्ठलचे ठाऊक नसते. गांधीजींनी १९४० मध्ये या जातीय स्पर्धेविरुद्ध मत दिले आणि १९४६ मध्ये ती कायमची थांबली.

तिची गर्दी रणजी करंडकाला मिळाली नाही, पण खेळाडूंना पोटापाण्याचा आधार दुसरीकडून मिळाला: कंपन्यांकडून. टाइम्स शील्ड ही कार्यालयांची स्पर्धा १९३१ पासून सुरू होती. टाटा, एसीसी, मफतलाल, निर्लॉन, महिंद्रा, स्टेट बँक, दोन्ही रेल्वे यांचे संघ मैदानांवर एकमेकांशी भिडत आणि त्यांत कसोटीपटू असत. सुनील गावस्कर निर्लॉनमध्ये नोकरीला होते. कसोटीचे मानधन तेव्हा इतके तुटपुंजे होते की खरी कमाई म्हणजे महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि खेळ संपल्यावर टेबलखुर्ची. कबड्डीत तर या संघांचा स्वतंत्र ‘व्यावसायिक गट’च होता: महिंद्रा, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, रेल्वे, बँका. लालबाग-परळच्या एखाद्या मंडळाकडून मातीत खेळणारा पोरगा चांगली चढाई करतो असे कुणाच्या डोळ्यांत भरले, की त्याला कंपनीचे पत्र येई. घरात पहिली कायम नोकरी त्या पत्राने आली, असे सांगणारी कुटुंबे गिरणगावात आजही भेटतात. ‘प्रोफेशनल’ हा शब्द कुणी वापरत नव्हते. काम मात्र तेच चालले होते, आणि म्हातारपणाची सोय धरता आजच्यापेक्षा बरे.

कंपनीचा संघ कंपनीच्या मर्जीवर जगतो, ही त्यातली गोम. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ बंद करण्यात आला.

गोव्यात ही गोष्ट टोकाला गेली. सुमारे पंधरा लाख वस्तीचे हे राज्य. आय-लीगचे पहिले सहा हंगाम, २००७-०८ ते २०१२-१३, सहाही विजेतेपदे गोव्याच्या क्लबांनी घेतली: धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालला लाखोंच्या घोषणा होत्या. गोव्याला खाणी होत्या. साळगावकर क्लब १९५६ चा, म्हणजे पोर्तुगीज अमलातला. धेंपो साठच्या दशकाअखेरचा. लोहखनिजाच्या व्यवसायातून उभ्या राहिलेल्या घराण्यांनी हे क्लब चालवले, ते नफ्याच्या आशेने नव्हे. तिकिटांतून काय येणार? संघ ही घराण्याची प्रतिष्ठा होती. देवळाच्या उत्सवाला वर्गणी द्यावी तशी ती दिली जाई. त्या बदल्यात सासष्टीच्या शेतवाडीतल्या आणि वास्कोच्या चाळीतल्या मुलाला फुटबॉलवर संसार करता आला. ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो ही नावे याच व्यवस्थेने दिली. चर्चिल ब्रदर्सचा प्रकार निराळा. तो राजकारणी घराण्याचा क्लब, म्हणून त्याच्या सामन्यांना निवडणुकीसारखी ऊब असे.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पण केवळ खाणींवर बोट ठेवून भागणार नाही. फुटबॉल महासंघाने २०१० मध्येच पंधरा वर्षांचे व्यापारी हक्क ७०० कोटी रुपयांना रिलायन्स-आयएमजीच्या कंपनीला दिले होते. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. २०१६ मध्ये आय-लीग हीच दुय्यम स्पर्धा ठरवण्याचा आराखडा आला. साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा या तिघांनी निषेध म्हणून माघार घेतली. साळगावकर-धेंपोसारख्या पन्नास-साठ वर्षांच्या क्लबांना वरच्या वर्गात बसण्यासाठी प्रवेशशुल्क मागितले जात होते. त्यांनी नकार दिला यात नवल नाही. नवल याचे, की देशाच्या फुटबॉलने त्यांच्याविना पुढे जाणे इतक्या सहज पत्करले.

नव्या व्यवस्थेचे गणित आयपीएलने घालून दिले होते. जानेवारी २००८ मध्ये आठ शहरांचे हक्क ७२ कोटी डॉलरांहून अधिक रकमेला विकले गेले. सर्वांत महाग मुंबई, ११ कोटी १९ लाख डॉलर. गंमत अशी की तेव्हा विकायला ना खेळाडू होते, ना मैदान, ना झेंडा. विकला गेला तो एका शहराच्या नावाने संघ उतरवण्याचा परवाना. तेव्हा अनेकांनी या आकड्यांना वेडेपणा म्हटले. हिशेब मात्र तिकीटखिडकीचा नव्हताच. दूरचित्रवाणीचे पैसे मंडळाच्या तिजोरीत येतात आणि त्यातला ठरलेला वाटा सर्व संघांना मिळतो. खेळाडूंवरच्या खर्चाला मर्यादा असते. खालच्या श्रेणीत ढकलले जाण्याची भीती नाही. उत्पन्न वाढते, मोठा खर्च बांधलेला, स्पर्धेतले स्थान अढळ. असा धंदा कुणाला नको? २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रसारण-हक्क ४८,३९० कोटींना गेले, आणि २०२१ मध्ये लखनौच्या संघासाठी ७,०९० कोटी मोजले गेले. पुण्याचा सुपरजायंट ज्या गोएंका समूहाचा होता, त्याचाच हा लखनौचा सुपर जायंट्स. शहर मागे राहिले, नाव मालकाबरोबर गेले.

तेच नाव पुढे कोलकात्यात पोहोचले. १९११ मध्ये अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीला हरवणारा मोहन बागान २०२० मध्ये गोएंकांच्या एटीके या क्लबात विलीन झाला आणि नाव झाले एटीके मोहन बागान. समर्थकांना ‘मोहन बागान’च्या आधी लागलेली ती तीन अक्षरे सहन झाली नाहीत. तीन वर्षे फलक झळकले, मोर्चे निघाले. २०२३ मध्ये एटीके गेले आणि मोहन बागान सुपर जायंट आले. जोडनाव पुढून मागे सरकले. समर्थकांनी याला विजय मानले, आणि त्यांची ताकद कुठवर पोहोचते हेही त्यातून दिसले.

ही ताकद कुठे कायद्यात उतरली आहे का? जर्मनीत क्लबातली बहुमताची सूत्रे सभासदांकडेच राहावीत असा नियम आहे. अपवाद लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्गचे, म्हणजे बायर आणि फोक्सवॅगनच्या कामगारांतून निघालेल्या कंपनी-संघांचे. अमेरिकेत ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचे गाव १९२३ पासून आपला पॅकर्स संघ भागधारकांच्या मालकीने चालवते. लाभांश शून्य, भाग नफ्याने विकता येत नाही, म्हणूनच तो संघ कुणाला हलवताही येत नाही. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला नेण्याचे ठरले, तेव्हा २००२ मध्ये चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला आणि तळापासून चढत २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये आणून दाखवला. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ काढणाऱ्या महाराष्ट्रात सभासदांच्या मालकीचा व्यावसायिक संघ कुणाला सुचू नये, याचे आश्चर्य वाटते. कारखान्यांची पुढे काय गत झाली हे पाहता, न सुचले ते बरेच असेही कुणी म्हणेल.

तरी फ्रँचायझीला केवळ नावे ठेवणे अन्यायाचे होईल, आणि त्याचा पुरावा कबड्डीत आहे. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त सभागृहात प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला: यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. मातीच्या जागी मॅट, पायात बूट, तीस सेकंदांचे घड्याळ, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत ‘डू ऑर डाय’. जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली. पण ‘कबड्डी कबड्डी’चा दम घुमणारा खेळ कॅमेऱ्याला इतका मानवेल, हे त्यांनाही वाटले नव्हते. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ मध्ये पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांहून अधिक मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना यू मुंबाकडे आला आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. एका हंगामाच्या चढायांनी भाव चौपट झाला. कंपनीच्या पत्राने आयुष्यभराची हमी मिळे. लिलावाने मिळते ती गुडघा शाबूत असेपर्यंतची कमाई. यातले बरे कोणते, हे चोविशीतल्या खेळाडूला विचारून उपयोग नाही, चाळिशीतल्याला विचारावे.

यू मुंबाचा पहिला कर्णधार अनुप कुमार हरयाणाचा, पुढचा फझल अत्राचली इराणचा. मुंबईने दोघांनाही आपले मानले. २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने हैदराबादेत विजेतेपद जिंकले तेव्हा कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार होता आणि बचावाचा कणा इराणचा मोहम्मदरझा शादलू. पाच संघ गमावलेल्या शहराला अखेर टिकून राहिलेला आणि जिंकलेला संघ मिळाला, तो क्रिकेट-फुटबॉलमध्ये नव्हे, कबड्डीत.

पण या दारातून सगळे आत गेले नाहीत. २०२३ च्या जानेवारीत महिला प्रीमियर लीगचे पाच संघ ४,६६९ कोटी ९९ लाखांना विकले गेले आणि सांगलीच्या स्मृती मानधनाला पहिल्याच लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले. कबड्डीत महाराष्ट्राच्या मुलींची परंपरा क्रिकेटहून जुनी आणि रुंद. २०१२ मध्ये पाटण्यात झालेला पहिला महिला विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा संघातल्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. त्यानंतर २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या सोबतीने तीन महिला संघांची एक स्पर्धा झाली. त्या संघांना शहरांची नावेही नव्हती: फायर बर्ड्स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स. एक हंगाम झाला आणि तो विषय मिटला. २०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्यात भारतीय मुलींनी पुन्हा विश्वचषक जिंकला. मुंबईची सोनाली शिंगटे त्या संघात होती. तिची नोकरी रेल्वेत आहे.